जानेवारीतला दसरा

आमच्या घरमालकीण बाईंसमोर ‘कॅम्पिंग’ हा शब्द काढायची सोय नव्हती. ‘वस्तीला जायचं’ म्हणायचं. “वस्तीची एसटी असते की नाही? संध्याकाळी जाते, रात्री तिथंच राहते, सकाळी माघारी येते. तसं. त्यात इंग्रजी करण्यासारखं काय आहे?” एवढं बोलून त्या समोरच्याकडे अशा बघायच्या की माणूस आपणहून शब्द बदलायचा. मी बदलला. माझा नवरा ऑफिसात चुकून ‘शनिवारी वस्तीला चाललोय’ म्हणाला, तर साहेबांनी विचारलं, गावी कोण आजारी आहे का.

वर्तकनगरला त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये आम्ही भाड्याने राहायला आलेलो. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. ठाण्यातल्या एका इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून त्यांची उभी हयात गेली होती, त्यामुळे सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांच्या यजमानांना सगळे ‘सिस्टरांचे मिस्टर’ म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचंही. सिस्टर रिटायर झाल्या होत्या, पण वॉर्ड काही सुटला नव्हता. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि रोज सकाळी आमच्याकडे राउंडला यायच्या. कडी वाजवायची, उत्तराची वाट न बघता आत यायचं, खिडक्या उघडायच्या आणि माझ्या तन्मयला म्हणायचं, “जीभ दाखव.” तो आनंदाने हनुवटीपर्यंत जीभ काढायचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची. “आपण भाडेकरू आहोत, पेशंट नाही,” मी नवऱ्याला म्हणायचे. हळू आवाजात, कारण त्या अजून जिन्यातच असायच्या.

थंडी पडली की सिस्टर वस्त्या काढायच्या. मुरबाडच्या पुढे नदीकाठी त्यांच्या एका जुन्या पेशंटचं शेत होतं. लहानपणी वॉर्डात महिनाभर पडून होता, आता स्वतः दोन पोरांचा बाप झालेला. त्याच्या शेतात तंबू ठोकायचे. बिल्डिंगमधली, ओळखीपाळखीतली पाच-सहा घरं जायची. अट एकच, पोरं पाहिजेत. “पोरं नाहीत त्यांनी हॉटेलात जावं, छान असतात हॉटेलं,” असं त्या एका नवीन जोडप्याला तोंडावर म्हणालेल्या. मिस्टर स्वतः कधीच जायचे नाहीत. वस्तीच्या दिवशी ते गॅलरीत उभे राहून हात हलवायचे आणि गाडी वळायच्या आत टीव्ही लागलेला ऐकू यायचा.

आम्हाला त्यांनी पहिल्याच वर्षी बोलावलं आणि मी नाही म्हटलं. दुसऱ्या वर्षीही नाही म्हटलं. कारणं माझ्याकडे भरपूर होती. सासूबाई आजारी, ऑडिट, तन्मयचा खोकला. खरं कारण वेगळंच होतं. तन्मय आठ वर्षांचा झालेला आणि अजून झोपेत गादी ओली करायचा. डॉक्टर म्हणायचे, काही नाही, होईल कमी. होईल, पण कधी? तोवर आम्ही रात्रीचे कुठे राहतच नव्हतो. डोंबिवलीला सासरी गेलो तरी रात्री परत. कल्याणला माझी सख्खी बहीण, तिची दोन पोरं तन्मयच्याच वयाची, सुट्टी लागली की “राहायला पाठव गं” म्हणून मागे लागायची. मी म्हणायचे, त्याला नवीन जागी झोप येत नाही. एकदा ती चिडून म्हणाली, “आमच्याकडे काय ढेकूण आहेत का?” मी फोन ठेवून दिला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्याहून वाईट म्हणजे तन्मय स्वतःच सांगायला शिकलेला. मावसभावांनी राहायला बोलावलं की म्हणायचा, “मला घरीच आवडतं.” असं चेहरा सरळ ठेवून म्हणायचा की ऐकणाऱ्याला खरं वाटावं. एकदा अंगावर पांघरूण घालताना त्याने मला विचारलं, “आई, कॉलेजला गेल्यावर पण मी घरीच झोपणार का?” मी म्हटलं, वेडा आहेस का, तोवर थांबतं. तो म्हणाला, “मग ठीक आहे.” पण त्याला ते पटलेलं नव्हतं.

गादी मी गच्चीवर वाळत घालायचे, वरून चादर टाकून. गच्चीची वाट सिस्टरांच्या दारावरून. एकदा गादी डोक्यावर आणि समोर सिस्टर. “पाणी सांडलं,” मी म्हटलं. “सांडतं,” त्या म्हणाल्या आणि जिन्यात बाजूला झाल्या. एवढ्या नाक खुपसणाऱ्या बाईने त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही, याचं मला तेव्हा आश्चर्यसुद्धा वाटलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत त्या राउंडला आल्या आणि खिडकी उघडता उघडता म्हणाल्या, “शनिवारी वस्ती आहे. तुमचं नाव घातलंय.”

“सिस्टर, याला नवीन जागी झोप…”

“झोपायला कुणी सांगितलंय? माणशी एक गोधडी घ्यायची. ते पिशवीसारखं चेनवालं काही आणायचं नाही. आणि रविवारी सकाळी दसरा काढायचाय, त्या तयारीनं या.” आणि गेल्या.

मी नाही म्हणायला जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. परत आले तर तन्मयने दप्तर रिकामं करून त्यात कपडे भरायला घेतलेले. “आई, मी ठरवलंय,” तो म्हणाला, “मी झोपणारच नाही. सगळी रात्र जागा राहीन. मग काय होणारच नाही ना?” आता यावर कुठली आई नाही म्हणेल, सांगा.

पण तो दसरा काय ते कळेना. जानेवारीत कसला दसरा? आम्ही दोघंही मालवणकडचे. सिस्टर साताऱ्याकडच्या. नवरा म्हणाला, घाटावर दोनदा असेल. सासूबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “लोकांचे कुळाचार असतात, बाई, आपण रिकाम्या हाताने जाऊ नये.” म्हणून मी झेंडूचे दोन हार घेतले आणि श्रीखंडाचा डबा घेतला. आपट्याची पानं मिळतात का, असंही फुलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “ताई, बरं आहे ना सगळं?”

शेतावर पोचलो तर तंबू एका ओळीत, वॉर्डातल्या खाटांसारखे. प्रत्येकाला नंबर. सिस्टर माणसांना नावाने हाकच मारायच्या नाहीत. “दोन नंबर, चुलीला वारा घाला. चार नंबर, तुमच्या बाळाचं नाक पुसा.” आम्ही तीन नंबर. स्वयंपाक बापांनी करायचा, कांदे पोरांनी चिरायचे, आयांनी बसून राहायचं. मला बसताच येईना. उठले की सिस्टर म्हणायच्या, “तीन नंबर, बसा. काही जळत नाहीये. जळलं तर खाऊ.”

आणि एक शब्द बंद. ‘पडशील’. जी आई ‘पडशील’ म्हणेल तिने हापशावरून एक कळशी पाणी आणायचं. पोरं झाडावर, दगडावर, बांधावर, जिथे चढता येईल तिथे चढलेली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीचं पाणी मी एकटीने भरलं. तन्मयला तर खेळच सापडला. मुद्दाम फांदीच्या टोकाला जाऊन माझ्याकडे बघायचा आणि मी तोंड दाबून धरायचे. शेवटी मी “खाली ये, तुला दाखवते,” असं ओरडले, त्याला दंड नव्हता.

फक्त पाणी तो पीत नव्हता. मला कळत होतं का ते. पिठलं तिखटजाळ झालेलं, बापांनी केलेलं, पोरं हा-हू करत तांब्यावर तांबे रिकामे करत होती आणि हा डोळ्यांत पाणी आणून कोरडी भाकरी चावत होता. सिस्टर पेला घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसल्या. “पी.”

“नको.”

त्यांनी पेला स्वतः पिऊन टाकला. दुसरा भरला. “पी. उद्या दसरा आहे.”

दसऱ्याचा आणि पाण्याचा काय संबंध, हे त्याला कळलं नाही, मलाही नाही. पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. तो प्यायला. मग अजून एक प्यायला. मी मनात म्हटलं, संपलं.

जागा राहणारा पठ्ठ्या तंबूत अंग टाकल्या टाकल्या घोरायला लागला. सकाळी उजाडताना मी त्याच्या गोधडीखाली हात घातला आणि व्हायचं तेच झालेलं. तो जागा होता. गोधडीवर उठून बसलेला, गुडघे पोटाशी घेऊन. मी त्याचे कपडे बदलले. गोधडी उलटी घडी घालून बॅगेत कोंबत होते तेवढ्यात बाहेर ताट बडवल्याचा आवाज. “उठा. दसरा.”

मी घाईघाईने हार आणि श्रीखंड घेऊन बाहेर आले. सगळे तंबूंच्या दारात केस विस्कटून उभे आणि मी पूजेला निघालेली. सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या.

“हे काय?”

“दसरा ना?”

“अगं बाई. दसरा काढायचा म्हणजे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायचं. घट बसायच्या आधी. तुमच्याकडे काढत नाहीत?”

“आमच्याकडे दसरा येतो, काढत नाहीत,” मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

एक गृहस्थ कुरकुरले. “सिस्टर, आमच्या गोधड्या कोरड्या आहेत, स्वच्छ आहेत, परवाच लाँड्रीतून आणल्यात.”

“लाँड्रीचा दसरा लाँड्रीत. सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या. आपली आपण उचलायची आणि नदीपर्यंत पळायचं. शेवटी पोचेल तो भांडी घासेल.” एवढं बोलून त्यांनी तंबूंकडे पाठ केली आणि नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तन्मयने माझ्याकडे बघितलं. मी बॅगेकडे बघितलं. पुढच्या क्षणी त्याने बॅगेतून गोधडी ओढून काढली, छातीशी कवटाळली आणि असा पळत सुटला की दोन नंबरची पोरगी मागे राहिली. घोटाभर पाणी. सगळ्या गोधड्या त्यात पडल्या आणि फुगून सारख्याच जड झाल्या. साबण नाही, पोरांनी नुसतं वर उभं राहून नाचायचं. कुणाची कुठली, काही कळायला मार्ग नव्हता. तन्मयच्या गळ्यात माझा झेंडूचा हार, आणि तो नाचतोय. मी नदीकाठी श्रीखंडाचा डबा घेऊन उभी होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता सोय नाही. ते श्रीखंड नंतर आम्ही भाकरीशी खाल्लं. बरं लागतं.

दुपारी गोधड्या दगडांवर वाळत घालताना मी सिस्टरांना गाठलं. “तुम्हाला माहीत होतं ना?”

“काय?”

“तन्मयचं.”

“तन्मयचं काय?” त्यांनी सरळ विचारलं. मग एक गोधडी पिळता पिळता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आमच्या वॉर्डात मी रोज सकाळी सगळ्या खाटांच्या चादरी काढायची. मेट्रनबाई ओरडायच्या, कोरड्या कशाला काढता म्हणून. मी म्हणायची, ओली कुठली आणि कोरडी कुठली बघत बसायला मला वेळ नाही. तसं बघितलं ना, की पोरं पाणी प्यायचं सोडतात. मग ताप उतरत नाही.” आणि पलीकडचं टोक धर म्हणाल्या.

त्या दिवसापासून राउंडला त्या आल्या की मी चहा आधीच टाकून ठेवायला लागले.

त्या मे महिन्यात तन्मय कल्याणला बहिणीकडे राहायला गेला. आपणहून. मी रात्रभर फोन उशाशी घेऊन पडलेली. सकाळी बहिणीचा फोन आला. “अगं, हा काय प्रकार आहे? तुझ्या लेकाने माझ्या पोरांना उठवलं, ‘आज दसरा’ म्हणून ओरडला आणि घरातल्या सगळ्या चादरी मशीनला लावल्या तिघांनी. माझ्यासुद्धा अंगावरची ओढून नेली.” मी हसत सुटले. ती म्हणाली, “हसतेस काय? पण मुलगा गुणी आहे हां, माझे कधी चमचा उचलत नाहीत.” पुढे तो तिच्याकडे जाऊन आला की तिचं धुणं झालेलं असायचं. त्यावर ती एवढी खूश की ढेकणांचा विषय निघाला नाही.

वस्तीला आम्ही दर थंडीत जायला लागलो. माझी ‘पडशील’ची सवय सुटली, कळशा कमी झाल्या. नवऱ्याचं पिठलं मात्र सुधारलं नाही. घरी तन्मयच्या कोरड्या रात्री वाढत गेल्या, पण बाहेर कुठे गेला की हमखास ओलीच. त्याने मनाशी एक ठरवलेलं. एकदा तरी वस्तीवर कोरडं उठायचं. मला म्हणायचा, “एकदाच, आई. मग बाबांना दाखवायचं.” बाप-लेकाचं ते ठरलेलं होतं, काहीतरी बक्षीसही कबूल झालेलं.

दहा वर्षांचा असताना ते झालं. त्या खेपेला नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, आम्ही दोघंच गेलेलो. सकाळी त्याने मला हलवून उठवलं आणि कानात म्हणाला, “हात लाव.” मी हात लावला. इकडे लावला, तिकडे लावला, उलटी करून लावला. कोरडी ठणठणीत. तो इतका हसत होता की त्याला आवाज दाबता येईना. मी त्याच वेळी नवऱ्याला मेसेज टाकला, आनंदाची बातमी आहे, फोन कर.

बाहेर ताट वाजलं. तन्मय गोधडी डोक्यावर घेऊन ऐटीत बाहेर आला आणि सिस्टरांपुढे जाऊन उभा राहिला. “माझी नाही धुणार आज. मला अशीच घरी न्यायचीय.”

“सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या,” सिस्टर म्हणाल्या.

“पण सिस्टर, माझी आज…”

मला वाटत होतं त्याने सांगावं. मोठ्याने सांगावं. एवढी वर्षं माझ्या तोंडाला कुलूप होतं, आज ऐकू दे सगळ्यांना.

तो बोलता बोलता थांबला. त्याचं लक्ष पाच नंबरच्या तंबूकडे गेलेलं. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधलं कुटुंब होतं, पहिल्यांदाच आलेलं. त्यांची मुलगी, तन्मयपेक्षा चार बोटं उंच, तंबूत गोधडीवर बसून होती. गुडघे पोटाशी घेतलेले. तिचा बाप बाहेरून म्हणत होता, “अगं चल ना, काय नखरे लावलेत? सगळे गेले बघ.” ती म्हणत होती, “मला थंडी वाजतेय. मला नाही यायचं.”

बाकीच्यांना ती रुसलेली वाटली. मला कळलं. माझ्या आधी तन्मयला कळलेलं.

तो तिच्या तंबूपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. “ए पाच नंबर,” तो नदीकडे बघत म्हणाला, “मी पुढे पळतो, तू मागून ये. मी काय मागे बघत नाही. शेवटी येईल तो भांडी घासतो, आणि पिठलं जाम करपलंय काल, सांगून ठेवतो.” आणि पळाला. खरंच मागे बघितलं नाही. नदीत जिथे पाणी सगळ्यात जास्त होतं तिथे जाऊन त्याने आपली कोरडी गोधडी दाणकन टाकली आणि तिच्यावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. थोड्या वेळाने ती मुलगी गोधडीचा बोळा पोटाशी धरून आमच्या समोरून पळत गेली. तिच्या बापाने मला विचारलं, “हिला एकदम काय झालं?” मी म्हटलं, भांड्यांना घाबरली.

संध्याकाळी परत येताना सगळी पोरं सिस्टरांच्या जुन्या ओमनीत मागे कोंबलेली, ती मुलगी तन्मयच्या शेजारी. मी पुढे. नवऱ्याचा फोन आला. तन्मयने माझ्या हातातून हिसकावून घेतला आणि सवयीने स्पीकर लावला.

“काय रे, आईचा मेसेज आला, आनंदाची बातमी काय? झाली का कोरडी?”

गाडीतली पोरं गप्प होऊन ऐकायला लागली. शेजारची मुलगी एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.

“नाही बाबा,” तन्मय म्हणाला, “आज सगळ्यांच्या ओल्याच होत्या.”

“अरे, पण तुझी?”

“सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या.”

मी मागे हात करून फोन घेतला आणि नवऱ्याला म्हटलं, घरी आल्यावर सांगते. फोन बंद करून पर्समध्ये टाकला. सिस्टर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होत्या. कल्याणच्या अलीकडे कधीतरी त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि गिअर बदलायची वेळ येईपर्यंत तसाच राहू दिला.